काचेच्या घराचे मालक

आज ॲरिझोनात, टूसानच्या उत्तरेला ओरॅकल गावाजवळ असलेले ‘बायोस्फिअर २’ पाहून आलो. बाहेरच्या जगापासून तोडलेल्या, स्वयंपूर्ण जागेत माणसे जगू शकतात का, हे पाहण्यासाठी ते बांधले होते. तीन एकरांहून थोड्या मोठ्या या काचेच्या वास्तूत २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जणांनी दोन वर्षांसाठी स्वतःला बंद करून घेतले आणि पुढे आतला प्राणवायू साधारण साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला, हे मला ठाऊक होते. या वास्तूची सूत्रे किती वेळा हातोहात फिरली, हे मात्र आज तिथे उभे राहिल्यावर मनाला भिडले.

कल्पना जॉन ॲलन यांची, पैसा टेक्ससचे एड बास यांचा. एप्रिल १९९४ मध्ये, दुसरा चमू आत राहत असतानाच, बास यांनी न्यायालयाचा आदेश आणून व्यवस्थापनाला दूर केले आणि कारभार बँकर स्टीव्ह बॅनन यांच्याकडे सोपवला. काही दिवसांतच पहिल्या चमूतल्या दोघांनी, आतल्यांच्या सुरक्षिततेची काळजी सांगत, बाहेरून दारे उघडली. आत श्वास घेणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेविषयीचा निर्णय नेमका कोणाचा, हा प्रश्न प्रयोग सुरू होण्यापूर्वीच सुटायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

नंतर वास्तूचा कारभार कोलंबिया विद्यापीठाकडे आला आणि २००३ पर्यंत राहिला. २००७ मध्ये जागा एका विकासकाला विकली गेली, तेव्हा ॲरिझोना विद्यापीठाने ती भाड्याने घेतली आणि २०११ मध्ये मालकी स्वीकारली. जिथे त्या आठ जणांनी पोटासाठी शेती केली, तिथे आज बेसाल्टच्या चुऱ्याचे तीन उतार आहेत. पाणी त्यांतून कसे झिरपते, हे तिथे अभ्यासले जाते.