वीतभर उंचीचा टोमॅटो

मुंबईतल्या बहुतेक महाविद्यालयांकडे शेत नसते. फार तर गच्चीचा एक कोपरा आणि ट्यूबलाइट लावलेली लोखंडी मांडणी असते. अशाच जागेत आनुवंशशास्त्र शिकवत असल्यामुळे मला ‘मायक्रो-टॉम’ या टोमॅटोच्या वाणाविषयी विशेष आस्था आहे. फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये ते शोभेचे झाड म्हणून पुढे आणले आणि १९९७ मध्ये इस्रायली संशोधकांनी ते प्रयोगांसाठी सुचवले. झाड वीतभर उंच, पाने गर्द हिरवी व सुरकुतलेली, फळ गोटीएवढे. पेरणीपासून सुमारे तीन महिन्यांत फळ पिकते.

वनस्पतींच्या जनुकांचा अभ्यास बराच काळ ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील तणावर विसंबून राहिला, आणि ते योग्यच होते, कारण त्याची पिढी दीड-दोन महिन्यांत पूर्ण होते आणि वनस्पतींमध्ये सर्वप्रथम, २००० साली, त्याचाच जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, वाचला गेला. परंतु त्याला शेंगा येतात, गरदार फळ येत नाही. पिकताना लाली कशी चढते, गर मऊ का पडतो, हे टोमॅटोलाच विचारावे लागते. (टोमॅटोचा जीनोम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील पाचव्या गुणसूत्राचे काम भारतीय गटाने केले, हे मी वर्गात आवर्जून सांगते.)

संकर करायचा तर फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी, पाकळ्या फिकट असतानाच, पुंकेसरांचा पिवळा शंकू चिमट्याने अलगद काढावा लागतो. उशीर झाला तर फूल स्वतःच्याच परागांनी फळते. मग उघड्या पडलेल्या हिरव्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. हे सारे वर्गातल्या बाकावर होते.

मात्र या झाडाचा बुटकेपणा हाच मुळात जनुकीय दोष आहे. ब्रॅसिनोस्टेरॉइड हे वाढीचे संप्रेरक बनवणारे त्याचे एक जनुक बिघडलेले आहे, आणि शेंड्याची वाढ लवकर थांबवणारे उत्परिवर्तनही (जनुकातील बदल) त्यात आहे. त्यामुळे उंची किंवा फांद्यांविषयीचा त्यावरचा निष्कर्ष नारायणगावच्या मळ्यातल्या टोमॅटोवर पुन्हा तपासल्याशिवाय मी तरी स्वीकारणार नाही.

मला अधिक आशा वाटते ती राळा या भरडधान्याची. ज्वारी, मका व ऊस यांच्याप्रमाणे राळाही सी-४ पद्धतीने, म्हणजे पानातील खास पेशीरचनेत कार्बन डायऑक्साइड एकवटून, प्रकाशसंश्लेषण करतो, आणि २०२० मध्ये चिनी संशोधकांनी त्याचे जवळपास ॲराबिडॉप्सिसइतक्याच काळात बी देणारे उत्परिवर्तित वाण जाहीर केले. ज्वारीचे ताट आमच्या मांडणीत कधीच मावणार नाही. पण तिच्या पानातील पेशीरचनेचे कितीतरी प्रश्न राळ्याच्या कुंडीत सोडवायला घेता येतील.