नुसतं बघायला

नाशिकला आमच्या सिडकोतल्या घरी लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रुमालांची एक चळत असायची. पांढरे, पुरुषी, काठाला निळ्या नाहीतर चॉकलेटी रेघा. दोन दोन, तीन तीन एकत्र टाचलेले, कित्येकांची टाचणीही न काढलेली. एका दिवाळीत साफसफाई करताना मी मोजले तर 34 निघाले. बाबांना सर्दी होते, पण इतकीही होत नाही.

ते रुमाल म्हणजे आईच्या ओशाळेपणाची पावती होती.

मेन रोडवर साडी घ्यायला जाणं हा तेव्हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असे. त्रिमूर्ती चौकातून एसटीची शहर बस पकडायची, शालिमारला उतरायचं आणि गर्दीतून वाट काढत चालत जायचं. दुकानाच्या पायरीशी चपला काढायच्या. आत पांढऱ्या चादरीची गादी, भिंतीला लोड, वर गरगरणारा पंखा. "या वहिनी, बसा. काय दाखवू?" झालं. एकदा गादीवर मांडी घातली की तुम्ही त्यांचे. दुकानातला माणूस कपाटातून साड्या खेचायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात घडी मोडून समोर पसरायचा. मग दुसरी, मग पाचवी. मध्येच उठून स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून दाखवायचा. मिशीवाला गृहस्थ, आमसुली रंगाचा पदर, चेहरा अगदी गंभीर. मला हसू यायचं आणि आई मला चिमटा काढायची.

पंधराएक साड्यांचा ढीग झाला की आईचा आवाज बारीक होत जाई. आवडलेली साडी बजेटात नसे आणि बजेटातली आवडलेली नसे. पण उठायचं कसं? माणसाने एवढ्या घड्या मोडल्या, चहा मागवला, लेकीला गोळी दिली. त्यातून सकाळची वेळ असली तर त्याची भवानी व्हायची राहिलेली. अशा वेळी आई इकडंतिकडं बघून म्हणे, "बरं, यांच्यासाठी चांगले रुमाल आहेत का हो?"

रुमाल घेऊन आम्ही बाहेर पडायचो. कधी परकर, कधी टॉवेल, पण बहुतेक वेळा रुमालच, कारण त्यांच्यात सगळ्यात स्वस्तात सुटका होई. दिवस फारच वाईट गेला असला तर आई बुधा हलवाईकडची जिलबी घेई आणि आम्ही बसमध्ये न बोलता ती खाऊन संपवायचो.

मी शाळेत वरच्या वर्गात होते तेव्हा उंटवाडीला सिटी सेंटर मॉल झाला. सिडकोवाल्यांना तो घराजवळचाच. बाबांच्या कंपनीला सुट्टी शनिवारी आणि आमची शाळा शनिवारी सकाळची, त्यामुळे शनिवारची संध्याकाळ मॉलची ठरून गेली. बाबा लग्नाकार्याचा शर्ट घालत. आई कडक इस्त्रीची साडी नेसे. भाऊ आणि मी मानेला पावडर लावून तयार. आता याच मॉलमध्ये मी लोकांना थ्री-फोर्थ आणि घरातल्या सपाता घालून फिरताना बघते तेव्हा वाटतं, अरे, जरा मान ठेवा जागेचा. दारातला गार्ड पर्स उघडायला सांगतो म्हणून आई आदल्या रात्री पर्स आवरून ठेवायची. तरी एकदा त्यातून स्टीलच्या डबीतले शेंगदाण्याचे लाडू निघालेच. गार्डने डबीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि डबी परत आत ठेवली. त्याच्या घरचाही लाडू तसाच असणार.

घेत काहीच नव्हतो आम्ही. सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन मक्याचा एक कप घ्यायचा आणि त्यात चार प्लास्टिकचे चमचे. खायच्या जागा सगळ्यात वर का असतात, हे फार उशिरा कळलं. भुकेल्या माणसाला सगळ्या दुकानांवरून वर न्यायचं आणि पोट भरलं की सगळ्या दुकानांवरून खाली आणायचं. आमच्यावर मात्र ही युक्ती चालली नाही. आम्ही दोन्ही वेळा नुसते सरकत्या जिन्याकडं बघत असायचो.

त्या जिन्याचे दोन प्रसंग घरात अजून सांगितले जातात. पहिला आजीचा. ती निफाडहून आली होती, तिला मॉल दाखवायला नेलं. जिन्याशी पोचल्यावर ती थबकली, त्या गुळगुळीत चकचकीत फरशीकडं एकदा बघितलं आणि शांतपणे चपला काढून एका बाजूला जोडून ठेवल्या. आम्ही जिन्याला घाबरलेलो, तिच्या पायाकडं कुणाचं लक्ष? वर पोचल्यावर आईच्या ध्यानात आलं. "अहो आई, चपला?" आजी म्हणाली, "खाली काढल्यात ना. दुकानात कोण चपला घालून येतं?" भाऊ धावत खाली गेला. चपला जागेवरच होत्या आणि शेजारी आणखी एक जोड काढलेला होता. तो कुणाचा हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

दुसरा प्रसंग बाबांचा. बाबा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांना मॉलमधल्या कपड्यांत, बुटांत, कशातच रस नव्हता. जिन्यात होता. खालच्या टोकाशी ते गुडघ्यावर बसत आणि आम्हाला दाखवत, "हे बघ, पायऱ्या कुठं जात नाहीत. खालून उलट्या होऊन परत येतात, सायकलच्या चेनसारख्या." तीस अंशाचा चढ, सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेग, टोकाला कंगव्यासारखे दात, पायरीच्या खाचा त्या दातांत बरोबर बसायला हव्यात. दोन्ही कडांना खाली काळे ब्रश असतात ना, ते मला बूट पुसायला ठेवलेत असं वाटायचं आणि मी अंग चोरून बूट घासून घ्यायचे. बाबांनी सांगितलं, ते पाय आणि कपडे फटीपासून लांब राहावेत म्हणून आहेत. ब्रश लागला की माणूस आपोआप पाय आत घेतो. हे ऐकल्यापासून आई जिन्यावर निऱ्या एका मुठीत धरून उभी राहायची, दुसरा हात माझ्या खांद्यावर. खांदा दुखेपर्यंत.

आणि आईला त्या मॉलमध्ये काय आवडायचं, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. ती कपड्यांच्या दुकानात शिरायची आणि एकेक हँगर सरकवत राहायची. कापड चिमटीत धरून बघायची, शिवण उलटी करून टाके बघायची, किमतीची चिठ्ठी बघायची आणि सोडून द्यायची. एक तास, कधी दीड तास. कुणी "काय दाखवू" म्हणत नव्हतं. कुणी आलंच विचारायला तर ती म्हणे, "काही नाही, नुसतं बघतेय." हे वाक्य ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आवाज जरा कापला होता. पुढं पुढं ती ते अशा ठसक्यात म्हणायला लागली की समोरची मुलगीच दोन पावलं मागं सरकायची.

रुमालांची चळत वाढायची थांबली ती तेव्हापासून.

मुंबईच्या मावसभावाला आमच्या या मॉलकौतुकाचं हसू यायचं. त्याच्याकडं 1999 सालीच ताडदेवला क्रॉसरोड्स झालेला. तिथं सुरुवातीला म्हणे ज्याच्याकडं मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नाही त्याला आत जायला 60 रुपये तिकीट होतं. हे तो अशा अभिमानाने सांगायचा की जणू त्यानेच ते लावलंय. बाबांनी एकदा शांतपणे विचारलं, "मग तू किती वेळा गेलास?" विषय तिथंच संपला.

पुढं शिक्षणाला पुण्यात आले, नोकरीला तिथंच राहिले आणि मॉलला नाक मुरडायला शिकले. चार पुस्तकं वाचली की ते आपोआप येतं. सुट्टीला नाशिकला आले की मी आईला व्याख्यान देत असे. मॉलला खिडक्या नसतात, म्हणजे बाहेर दिवस मावळलेला कळत नाही. घड्याळं नसतात. वाटा मुद्दाम वळवलेल्या असतात. हे बंदिस्त मॉलचं खूळ ज्याने काढलं, त्या व्हिक्टर ग्रुएनची गोष्ट तर मी दर दिवाळीला सांगायचे. हा व्हिएन्नाचा वास्तुकार. 1938 साली नाझींपासून पळून अमेरिकेत गेला. तिथं 1956 साली मिनियापोलिसजवळ त्याचं साउथडेल उघडलं. बाहेर बर्फ पडो की ऊन, आत कायम सारखीच हवा. त्याच्या मनात व्हिएन्नातले रस्ते होते, लोक चालतील, बसतील, गप्पा मारतील असे. झालं भलतंच. भोवती पार्किंगचा समुद्र आणि मध्ये दुकानांचा डबा. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परतला तर तिथंही शहराबाहेर भलामोठा मॉल उभा. शेवटी त्याने, हे माझं अपत्य नव्हे, म्हणून जाहीरपणे हात झटकले.

आई दर वेळी ऐकून घ्यायची. या मे महिन्यात मात्र हातातली कैरी किसायची थांबली आणि म्हणाली, "या माणसाला बायको नव्हती का गं? तिला कधी बाजारात नेलं नसेल त्याने."

ग्रुएनची चार लग्नं झाली होती. ते मी आईला सांगितलं नाही.

"मेन रोडला जायचं असलं की मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही," ती म्हणाली. "तुला कधी कळलं? चार तास. जायचं कुठं? एकदा तुझ्या मावशीच्या लग्नाच्या खरेदीत तर मी एका ओळखीच्या सोनाराच्या घरात, वर माडीवर गेले होते, त्याच्या बायकोला नमस्कार करायच्या निमित्ताने." मग पुन्हा कैरी किसायला घेतली. "मॉलात दर मजल्याला आहे. स्वच्छ."

मला एवढंसुद्धा माहीत नव्हतं. त्या चार तासांत बरोबर मी होते, उसाचा रस पीत.

त्याच दुपारी तिने मला बरोबर नेलं. कळलं ते असं, की तिचा पाच-सहा जणींचा एक गट आहे. उन्हाळ्यात दुपारी दोनला मॉलमध्ये जमतात. घरी पंख्याची हवासुद्धा गरम येते, इथं गारवा. बुधवार सोडून. बुधवारी गोदाघाटावरचा आठवडे बाजार असतो आणि त्याला तोड नाही असं सगळ्यांचं एकमत आहे. बिग बझारनेही पूर्वी बुधवारच धरला होता स्वस्ताईसाठी. 2022 मध्ये ती दुकानं गेली, घाटावरचा बुधवार आहे तसाच आहे. पूर आला आणि नदीतला दुतोंड्या मारुती बुडायला लागला तेवढी एक सुट्टी.

मी आठवणी शोधत फिरत होते. मक्याच्या कपाची जागा नक्की कुठली, भाऊ कुठल्या खांबाला धडकला होता. पाट्या बदललेल्या, काही सापडेना. जिना मात्र तोच असावा, किंवा तसाच. मी कुणी बघत नाही असं पाहून ब्रशला सँडल घासून घेतली. आईने निऱ्या धरल्या नाहीत, कारण आता ती बाहेर पडताना पंजाबी ड्रेस घालते. खांदा मात्र धरला. गुडघ्यांमुळं.

वर तिच्या मैत्रिणी बाकावर बसल्या होत्या. एकीने स्टीलची डबी उघडली. मी घाबरून गार्डकडं बघितलं.

"बघतोय तो," आई म्हणाली. "त्याला दिलाय एक लाडू."

साडेपाचला ऊन उतरल्यावर आई म्हणाली, चल, आलीच आहेस तर मेन रोडला जाऊन येऊ, मॅचिंग सेंटरमधून एक ब्लाउजपीस घ्यायचाय. आता शालिमारपर्यंत सिटीलिंकची बस असते. ब्लाउजपीस पाच मिनिटांत मिळाला. परत निघताना ते जुनं दुकान लागलं. गादी तशीच, चादर पांढरी, पंख्याच्या जोडीला एसी आलेला. मिशीवाले गृहस्थ नव्हते, त्यांच्यासारखंच नाक असलेला एक तरुण होता. आईने माझ्या खांद्याला धरून चपला काढल्या.

"या काकू, बसा. काय दाखवू?"

आई बसली, म्हणजे गुडघ्यांसाठी त्याने स्टूल दिलं त्यावर बसली, आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाली, "आज घ्यायचं नाहीये हं काही. नुसतं बघायला आलेय."

"बघा ना काकू. बघायला कुठं पैसे पडतात?" आणि त्याने मनगटाला झटका दिला.

अर्ध्या तासाने आम्ही बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात दोन साड्यांची पिशवी होती. एक आमसुली. बसस्टॉपवर पोचेपर्यंत आई काही बोलली नाही. मग पिशवी माझ्या हातातून घेतली, आत डोकावली आणि म्हणाली, "रुमाल तर घेतले नाहीत ना?"