तुम्ही विचारलंत म्हणून: पळायला परदेशात कशाला जायचं?

"बेचाळीस किलोमीटर सगळीकडे बेचाळीसच भरतात ना? मग त्यासाठी व्हिसा, विमान, हॉटेल एवढा खटाटोप कशाला?"

२०२२ साली बर्लिन मॅरेथॉन पळून आल्यापासून हा प्रश्न मला नाना सुरांत विचारला गेलाय. कुणी कौतुकाने विचारतं, कुणी माझ्या बँकखात्याच्या काळजीने. "नंबर आला का?" हे शेपूट त्याला असतंच. नाही आला. ५ तास १२ मिनिटं लागली.

आधी मी ठोकून द्यायचे, "पळता पळता शहर बघून होतं ना!" साफ खोटं. पळताना दिसतात पुढच्यांच्या पाठी, पाण्याच्या टेबलांपाशी पायाखाली चुरडणारे प्लास्टिकचे पेले आणि डांबरावर रंगवलेली एक निळी रेघ. शहर मी पाहिलं ते आधीच्या दोन दिवसांत, पायी हिंडून, आणि तीच घोडचूक झाली. एक दिवस संग्रहालयांत गेला. दुसऱ्या दिवशी टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळावर बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला गेले. १९४८-४९ साली सोव्हिएत रशियाने केलेल्या नाकेबंदीत पश्चिम बर्लिनसाठी धान्य आणि कोळसा घेऊन विमानं याच धावपट्टीवर उतरत होती. हे ठाऊक असल्यावर बिब घेऊन गुपचूप परत कोण फिरेल? शर्यतीच्या सकाळी पोटऱ्या आधीच भरून आलेल्या. तेव्हा शहर बघायचं तर शर्यत झाल्यावर बघा. जिने उतरायलाच इतका वेळ लागतो की आपोआप निवांत बघून होतं.

मग गेले कशाला? खरं सांगायचं तर मला ओळखीचा रस्ता नको होता.

सरावाच्या रस्त्यावर कुठल्या वळणावरून घर जवळ पडतं, हे पायांना पाठ असतं. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपत येते आणि मन वकिली सुरू करतं: आज ऊन फार आहे, गुडघा बोलतोय, समोरून डावीकडे वळलं की दहा मिनिटांत घर. ओळखीच्या रस्त्यावर या वकिलाकडून मी आजवर अनेकदा हार खाल्ली आहे. बर्लिनमध्ये त्याला भूगोलच माहीत नव्हता. अठ्ठाविसाव्या किलोमीटरच्या सुमाराला विल्डर एबर नावाचा चौक येतो. ढोल, नाच, नुसता गोंगाट. तो मागे पडला आणि आतून कुरकूर सुरू झाली. पण थांबून जायचं कुठे? घामाने निथळलेली, खिशात पैसे नाहीत, भाषा येत नाही. हॉटेलवर पोहोचायचा मला माहीत असलेला एकच रस्ता होता, आणि त्याच रस्त्यावर मी पळत होते.

दुसरं कारण मला जाण्याआधी माहीत नव्हतं. तिथे बिबवर नंबराखाली आपलं पहिलं नाव छापतात आणि रस्त्याकडेचे लोक ते वाचून हाका मारतात. माझं नाव जया. रोमन लिपीत ते 'जे' (J) या अक्षराने सुरू होतं आणि जर्मन माणूस 'जे'चा उच्चार 'य' करतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच कठड्यापलीकडून कुणीतरी ओरडलं, "याया! याया!" मला वाटलं, मराठी माणूस भेटला! वळून बघते तर एक गोऱ्यापान आजी, हातात चमचा आणि पातेलं. पुढे दिवसभर तेच. लहान मुलं, पोलीस, ट्रम्पेटवाले, सगळे मला दारात आलेल्या पाहुण्यासारखं "या, या" म्हणत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि मी हसतेय का तेही.

आणि किपचोगे, केनियाचा तो जगप्रसिद्ध धावपटू. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर एलिउड किपचोगेने २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. आधीचाही त्याचाच होता, इथेच २०१८ साली केलेला. तो शर्यत संपते त्या कमानीखालून गेला तेव्हा मी जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर होते, कारण आम्हा संथ मंडळींची तुकडी पुष्कळ उशिरा सोडतात. शेजारी पळणाऱ्याच्या फोनवर बातमी आली आणि आख्ख्या घोळक्याने टाळ्या वाजवल्या. विश्वविक्रम झाला त्याच सामन्यात आपणही खेळत होतो, असं म्हणायची सोय दुसऱ्या कुठल्या खेळात आहे?

आता त्या निळ्या रेघेविषयी, कारण तिने मला शेवटी फसवलं. म्हणजे खरं तर मी तिला फसवायला गेले. मॅरेथॉनचा मार्ग सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात, वळणाच्या कडेपासून अवघं ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. शिवाय तो चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. ती जवळची वाट दाखवायला निळी रेघ असते. गर्दीत तिच्यावर टिकणं कठीण, म्हणून मी पाणी घ्यायला या कडेला, हाक मारणाऱ्या पोरांच्या हातावर टाळी द्यायला त्या कडेला अशी नागमोडी पळत होते. त्यामुळे माझ्या घड्याळात मॅरेथॉनचे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर भरले तेव्हा समोर ब्रांडेनबुर्ग दरवाजा होता. घड्याळ म्हणतंय संपलं, फोटोंत पाहिलेला दरवाजा समोर. उरलंसुरलं सगळं बळ एकवटून मी त्याखालून सुसाट गेले. कमान नव्हतीच तिथे. ती पुढे होती, काहीशे मीटरवर.

या दरवाजाखालून शर्यत पहिल्यांदा गेली ती ३० सप्टेंबर १९९० ला, दोन्ही जर्मनी एक व्हायच्या तीन दिवस आधी. त्याआधी कित्येक वर्षं तिथे भिंत होती. त्या दिवशी काही जण पळताना रडले म्हणे. मीही तिथे रडलेच, पण माझं कारण इतकं उदात्त नव्हतं. उरलेले मीटर मी चालले, अक्षरशः लंगडत, आणि तरीही दोन्ही बाजूंनी "याया" सुरूच होतं.

पुन्हा जाणार का, हा पुढचा प्रश्न. तिथे प्रवेश सोडतीने मिळतो. पाय दुखायचे थांबल्यावर पुढच्या वर्षासाठी लगेच नाव घातलं. काही आठवड्यांनी ईमेल आली, अतिशय सभ्य भाषेत. या खेपेला त्यांनी "या" म्हटलेलं नव्हतं.