आईचा अंगठा आणि चुलत्यांचा सातबारा

आई एकाच दुपारी मला तीनदा विचारायची, "जेवलीस का?" गावात यावर एकच उत्तर, साठी बुद्धी नाठी. डॉक्टरांनी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सांगितलं आणि तिथंच एका अभ्यासाबद्दलही सांगितलं. औषध नाही, फक्त आठवणीच्या चाचण्या आणि थोडं रक्त. मी लगेच हो म्हणाले.

मग संमतीपत्र आलं. आईला स्वतः ठरवता येत नव्हतं म्हणून तिच्या वतीनं माझी सही, आणि तिला चालतंय एवढ्यापुरता तिचा अंगठा. टेबलामागचा मुलगा म्हणाला, "मुलाला बोलवा ना, नंतर भानगड नको." चार वर्षं आई माझ्याकडं आहे, हे कुणाला सांगायचं? अजून आठवलं की डोकं तापतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमावलीत कायद्यानं अधिकार असलेला प्रतिनिधी म्हटलंय, मुलगाच असं म्हटलेलं नाही. हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. तुम्ही आधीच विचारा.

पुण्याहून दादा फोनवर म्हणाला, "अण्णांना विचार." अण्णा म्हणजे चुलते. परभणीकडं आमचं गाव, तिथं गेले. अण्णा ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "तिच्या नावावर दोन एकर हाय. दिलेली लेक कोऱ्या कागदावर माईचा अंगठा घ्यायलीय, लोक काय म्हणतील?"

मला वाटत होतं, भीती दवाखान्याची असेल. होती माझी! रागानं मी चहा तसाच ठेवून निघाले. पंधरा दिवस कुणी बोललं नाही. त्यात वहिनीनं हळूच सांगितलं, पुतणीचं स्थळ चाललंय, घरात वेड आहे म्हणून बोभाटा नको.

शेवटी माहितीपत्रक घेऊन परत गेले आणि शेजारच्या निवृत्त गुरुजींना ते मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. (अंगठ्याला साक्षीदार लागतो, तो अभ्यासातल्या माणसांपैकी चालत नाही. गुरुजीच झाले.) अण्णांनी एकच विचारलं, "मधातच सोडता येतं का?" कधीही, कारण न देता. मग म्हणाले, "लाव."

रक्ताच्या वेळी आईनं हात मागं ओढला. मी आग्रह करणार होते, पण बाईंनी सुई ठेवून दिली. चाचण्या तेवढ्या झाल्या.

हो, संमतीपत्राची आपली प्रत मागून घ्या. आमची अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत आहे, सातबाऱ्याच्या खाली.