साखर उतरेना, वजन मात्र वाढतंय

आमचा बोका भुऱ्या दहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. पडवीतलं त्याचं पाण्याचं भांडं दिवसातून एकदा भरायचे, ते तीन-तीनदा भरावं लागायला लागलं. तेही पुरेना, म्हणून तो न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालायचा. खाणं भरपूर, तरी पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. मग मागचे पाय बिघडले. मांजर चवड्यांवर चालतं, हा टाचा टेकवून चालायला लागला. मला वाटलं, वय झालं. हर्णैहून दापोलीला डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी त्याला चार पावलं चालताना बघितलं आणि लगेच रक्त घेतलं. साखर ४८०.

"ताई, हे वयामुळे नाही. साखरेनं पायाच्या नसा दुखावल्यात. साखर आवरली तर पाय सुधारतीलही."

पहिला बदल जेवणात. आमच्याकडे मांजराचं जेवण म्हणजे बांगड्याचं डोकं कुस्करून कालवलेला भात आणि वर दूध. भात बंद, दूध बंद. जून नुकता लागला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी नाही. सुकटीत मीठ फार. उकडलेली कोंबडी आणि पाकिटातलं ओलं खाद्य यांवर आलो. नुसत्या कोंबडीवर ठेवू नका, मांजराला लागणारं सगळं त्यात नसतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

इन्सुलिन ग्लार्जिन, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, प्रत्येक वेळी २ युनिट. सासूबाई स्वतः कित्येक वर्षं इन्सुलिन घेतात, त्यामुळे घरात सुईची भीती नव्हती. पण त्यामुळेच एक भयंकर चूक झाली. ती मी इथे मुद्दाम सविस्तर सांगते.

सासूबाईंची बाटली ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. भुऱ्याचं ग्लार्जिन मिलिलिटरला १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. चौथ्या दिवशी भुऱ्याच्या सिरिंजा संपल्या. मी सासूबाईंच्या डब्यातली लाल टोपणाची घेतली आणि २ च्या रेघेपर्यंत भरली. सुई ती सुई, एवढाच विचार. प्रत्यक्षात त्याच्या अंगात ५ युनिट गेले, अडीच पट.

तीन तासांनी तो माजघरात भिंतीला धरून चालत होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, मान थरथरत होती. कानातून थेंब काढून बघितला, ४१. सासूबाई ओरडल्या, "गो, मध आण! घशात ओतू नको, हिरड्यांना चोळ!" बोटानं चोळला, दर पाच मिनिटांनी. वीस मिनिटांनी त्यानं डोकं वर केलं, मग वाटीभर कोंबडी खाल्ली. तसंच गाडीत घालून त्याला दापोलीला नेलं. संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवून घेतलं. त्या दिवसापासून दोन्ही सिरिंजा दोन वेगळ्या कपाटांत असतात आणि भुऱ्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरात 'नारिंगी' लिहिलं आहे. कुणाच्या घरात माणूस आणि मांजर दोघेही इन्सुलिनवर असतील, तर त्यांनी आजच्या आज हे करावं.

कानातून साखर बघायला मी त्याआधीच शिकले होते, ते किती बरं झालं. कानाच्या कडेनं एक बारीक शीर जाते. ऊन पाण्यात पिळलेला फडका मिनिटभर धरला की ती फुलते. मागे कापसाचा बोळा ठेवून टोचायचं. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा जरा कमी दाखवतं, तरी रोजच्या हिशेबाला ते चालतं. आणि घरचा आकडाच खरा. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर भीतीनंच चढते. एकाच दिवशी घरी १९०, दवाखान्यात ३६०, असं आम्ही पाहिलंय.

श्रावणात पाय सुधारायला लागले. गणपतीत तो पुन्हा चौरंगावर उडी मारून बसला. मला वाटलं, जिंकलो.

दसऱ्यानंतर आकडे चढायला लागले. २५०, ३१०, ३८०. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी अर्धा-एक युनिट वाढवत होते. ३ झाले, ५ झाले, ७ झाले, साखर हलेना. मी आधी स्वतःला दोष दिला. सुई केसांतच रिकामी होतेय का? बाटली उन्हात राहिली का? नवी बाटली आणली, जागा बदलून टोचलं, काही फरक नाही. मग मी शेजारणीला दोष दिला. भुऱ्या वाडीभर फिरणारा, ती त्याला दूधभात घालते अशी माझी खात्री झाली होती. कुंपणावरून तिला बरंच बोलले. तिनं शपथ घेऊन सांगितलं की जूनपासून एक शीतही घातलेलं नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

उलगडा झाला तो मासळीवाल्या मावशींच्या काट्यावर. भुऱ्याला पिशवीत घालून मी दर महिन्याला तिथेच वजन करायचे. जूनमध्ये ४.४ किलो होता. डिसेंबरात ५.९. मावशी म्हणाल्या, "आजारी म्हणतेस नि हा तर बोकड झालाय." घरी येऊन मी वही उघडून बसले. साखर ४०० च्या घरात असलेलं मांजर वाळायला हवं. हा दीड किलो वाढला कसा?

डॉक्टरांना वही दाखवली तर त्यांनी मोबाईलवरचा जुना फोटो मागितला. पाच वर्षांपूर्वीचा भुऱ्या निमुळत्या तोंडाचा होता. समोर टेबलावर बसलेला रुंद गालांचा, खालचा जबडा पुढे आलेला, पंजे केवढे तरी. रोज बघणाऱ्या मला ते दिसलंच नव्हतं. रात्री तो घोरायला लागला होता, तेही मी लाडानं ऐकत होते.

त्यांनी आधी बाकीची कारणं तपासली. दात, हिरड्या, लघवीतला जंतुसंसर्ग. मानेची कातडी चिमटीत धरून बघितली. कुशिंग नावाच्या दुसऱ्या हार्मोनच्या आजारात कातडी पातळ होते, सहज फाटते, तसं नव्हतं. मग म्हणाले, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत बारीक गाठ होऊन वाढीचं हार्मोन जास्त सुटत असावं. ॲक्रोमेगाली. ते हार्मोन इन्सुलिनला काम करू देत नाही. वजनाच्या किलोमागे दीड युनिटच्या पुढे जाऊनही साखर उतरत नसेल तर ही शंका घ्यायची, आणि आम्ही ९ युनिटवर पोचलो होतो. बोके आणि उतारवयाची मांजरं यांत हे जास्त दिसतं. ब्रिटनमध्ये १२२१ मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं होतं, २०१५ साली ते छापून आलं, तर सुमारे २६ टक्के मांजरांत याची खूण असलेला आयजीएफ-१ हा घटक १००० च्या वर निघाला होता.

भुऱ्याचं रक्त बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या बसनं मुंबईला गेलं. ही तपासणी इन्सुलिन सुरू होऊन काही आठवडे झाल्यावरच करायची, नाहीतर आकडा खोटा कमी येऊ शकतो. आमचे सहा महिने झालेच होते. आकडा आला १६००.

त्याच संध्याकाळी मी शेजारणीकडे गेले आणि माफी मागितली. तिनं चहा केला. भुऱ्या तिच्या ओट्यावर झोपला होता.

पक्कं निदान म्हणजे भूल देऊन डोक्याचं स्कॅन. परदेशात काही ठिकाणी ही ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया करतात, किरणोपचारही देतात. आम्ही स्कॅनच नको ठरवलं. गाठ दिसली असती तरी पुढचं काही आमच्या आवाक्यात नव्हतं, आणि इन्सुलिन तेच राहणार होतं. म्हणून कागदावर अजूनही 'संशयित' असंच लिहिलेलं आहे.

आता मात्रा ११ युनिट. साखर २०० ते ३०० मध्ये राहिली, पाणी कमी प्यायला, पाय ताठ राहिले, एवढ्यावर मी समाधानी आहे. ते हार्मोन कमीजास्त होत राहतं, त्यामुळे साखर अचानक उतरू शकते. म्हणून टोचण्याआधी रोज कानातला थेंब. त्यानं जेवण टाकलं तर आधी डॉक्टरांना फोन, मग सुई. खर्चात साखर तपासायच्या पट्ट्यांचाच वाटा मोठा. २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथे कित्येक दिवस वीज नव्हती, ते आठवून इन्सुलिनसाठी एक थर्मास वेगळा ठेवलाय.

गेल्या खेपेस डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला. या आजारात हृदयाचे स्नायू जाड होतात. पुढच्या महिन्यात सोनोग्राफीसाठी त्याला मुंबईला न्यायचंय. खेडहून गाडी दुपारची आहे, म्हणजे संध्याकाळचे सात गाडीतच वाजणार. थर्मास, मीटर, मधाची बाटली आणि डब्यात उकडलेली कोंबडी, असं सामान काढून ठेवलंय. नारिंगी टोपणाच्या सिरिंजा सासूबाईंनी स्वतः मोजून दिल्यात.