कोणी आवळलाय हा?

दुपारी अडीच वाजता मी गाडीखाली उताणा पडलो होतो आणि एका अनोळखी माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

तो कोण, कुठला, काही ठाऊक नाही. एवढंच कळत होतं, की कधीतरी त्याच्या हाती सतराचा पाना लागला होता आणि त्याने माझ्या गाडीच्या पोटाखालचा एक बोल्ट असा काही आवळला होता, की तो सुटला तर आख्खी गाडीच ओघळून पडेल.

काम तसं किरकोळ. खडकाळ वाटेवर एखादा दगड उसळून ऑइल चेंबर फोडू नये म्हणून इंजिनखाली जाड लोखंडी प्लेट बसवायची. आधीचा पातळ पत्रा काढायचा, त्याच भोकांत नवी प्लेट चढवायची, चार बोल्ट. प्लेटबरोबर एक घडीचा कागद आला होता. त्यावरच्या चित्रात एक गुळगुळीत बोल्ट होता, त्याभोवती एक वळणदार बाण होता आणि शेजारी घड्याळ काढून 45 मिनिटं लिहिलं होतं. मला त्या बाणाचा राग आला. बाण काढणं सोपं असतं.

पहिला बोल्ट मुकाट्याने सुटला. दुसरा कुरकुरला, पण आला. तिसऱ्याला तेल पाजलं, डोक्यावर हातोडीने चार टपल्या मारल्या, मग तोही वळला. चौथा मात्र ढिम्म. पान्याच्या शेपटीला मीटरभर लांबीचा पाईप लावला. वीतभर पान्याला मीटरभर पाईप म्हणजे जोर सरळ पाचपट. मी ओढला. गाडी स्टँडवर किंचित डोलली, माझ्या मानेत काहीतरी चमकलं, आणि बोल्टने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

(जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी शिरत नाही. खाली स्टँड लावल्याशिवाय एक बोटही नाही. माझ्या बाकीच्या सवयींबद्दल घरात मतभेद आहेत, या एका सवयीबद्दल नाहीत.)

बोल्टवरचा चिखल खरवडला तर डोक्यावर 8.8 दिसलं. प्रत्येक बोल्टच्या भाळी त्याचं प्राक्तन असं कोरून ठेवलेलं असतं. पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण सोसून मग तुटणार. पुढचा आठ म्हणजे त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत ताणला तरी पुन्हा मूळ लांबीवर येणार. दहा मिलिमीटरचा हा एवढासा बोल्ट, सरळ ओढला तर साडेचार टनांच्या वर वजन पेलतो. अशा माणसाशी मी पाईप घेऊन भांडत होतो.

बोल्ट म्हणजे खरं तर स्प्रिंग असते. आवळला की तो केसभर लांबतो आणि पुन्हा आखूड व्हायला धडपडतो, त्या धडपडीने दोन पत्रे एकमेकांना धरून राहतात. आणि गंमत अशी, की आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला माझ्या नोकरीची आठवण झाली होती.

त्यात गंज. गंज म्हणजे लोखंड झिजणं असं आपण समजतो, पण बंद जागेत तो फुगणं असतो. जेवढं लोखंड गंजतं त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्या गंजाला लागते. आट्यांमधल्या फटीत एवढी जागा आणायची कुठून? मग तो दोन्हीकडून रेटून बसतो. याचा नट वेगळा नसतोच, चासीच्या आत वेल्ड केलेला असतो. तो दिसत नाही, हात पोचत नाही. फार जोर केला आणि वेल्ड सुटलं तर नट बोल्टसकट आत नुसता गरगर फिरत बसतो. त्यापेक्षा बोल्ट तुटलेला बरा. तुटलेल्यावर निदान ड्रिल तरी चालवता येतं.

तापवायचाही विचार आला. नटाला आच दिली की तो किंचित फुगतो आणि पकड सोडतो. किंचित म्हणजे किती, तर दोनशे अंश तापवलं तर दहा मिलिमीटरला एका मिलिमीटरचे साधारण चोवीस हजारांश, केसाच्या जाडीहून कमी. तेवढंसुद्धा पुरतं, कारण गंजाची पकड एकदा तडकली की मग तो फार हट्ट करत नाही. पण नट चासीच्या पोटात, शेजारून पेट्रोलची नळी गेलेली, आणि मी आधीच सगळीकडे तेल मारून ठेवलेलं. तेलावर ज्योत धरण्याइतका मी चिडलो नव्हतो. जवळजवळ चिडलो होतो, पण तितका नाही.

म्हणून पुन्हा तेल मारलं आणि वाट पाहत पडून राहिलो.

इथे माझा एक हेका आहे. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-40 लोक करकरणाऱ्या बिजागरीपासून अडलेल्या चेनपर्यंत सगळ्यावर मारतात. त्या नावातली दोन अक्षरं म्हणजे ‘पाणी हटवणं’ आणि 40 म्हणजे चाळिसावा प्रयत्न. 1953 साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोत ते तयार झालं आणि सुरुवातीला ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून वापरलं गेलं. आट्यांत मुरण्यासाठी खास बनवलेलं तेल वेगळं मिळतं आणि मी तेच वापरतो. पण खरा हेका तेलाचा नाहीच, वेळेचा आहे. लोक तेल मारतात आणि दुसऱ्या मिनिटाला पाना लावतात. अरे, त्याला आत जाऊ तरी द्या! केसाहून बारीक फटीतून ते स्वतःच्या ओढीने सरकत जातं, त्याला कोणी ढकलू शकत नाही. त्या चाळिसाचं मला म्हणूनच कौतुक. एकोणचाळीस वेळा फसलं तरी डबा फेकून न देणारं कोणीतरी त्या खोलीत होतं.

मी सहाव्या वेळी पाना फेकला. तो घरंगळत माझ्याच कोपराशी आला.

असाच पाना एकदा आजोबांच्या पायाशी जाऊन पडला होता. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. सायकलचं डावं पेडल वाकलं होतं आणि ते बदलायचं मी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. भर दुपार, सगळे झोपलेले. उजवं पेडल मी शेजारच्या दादाला काढताना पाहिलं होतं, तेव्हा विद्या अवगत होती. पाना अडकवला, हाताने जमेना म्हणून पाय ठेवला, पायाने जमेना म्हणून उडी मारली. पाना सटकला, बोटांची सालं निघाली, पाना फरशीवरून खणखणत आजोबांपर्यंत गेला. ते कधीपासून दारात उभे होते कोण जाणे.

“काढतोयस की आवळतोयस?” त्यांनी विचारलं.

“काढतोय!” मी ओरडलो. रडू येत होतं, पण आवाज चढवला की रडू दिसत नाही असा माझा समज होता.

“मग ते का आवळलं जातंय?”

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाय मारता मारता ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. एरवीच्या बोल्टांच्या उलट दिशेला ते सुटतं. आजोबांनी हे मला सांगितलं नाही. त्यांनी रॉकेलचा बोळा आणला, पेडलच्या दांड्याला गुंडाळला आणि परत जाऊन झोपले. मी तासभर त्या बोळ्याकडे पाहत बसलो. रॉकेलचा वास, फरशीचा गारवा, बोटांची आग. मग उगाचच, चीड येऊन, पाना उलटीकडून लावला आणि हाताच्या एका हिसक्यात पेडल सुटलं. सुटलं याचा आनंद व्हायच्या ऐवजी मला भयंकर फसवल्यासारखं वाटलं. मी उड्या मारून मारून ते आधीपेक्षा दुप्पट घट्ट केलं होतं, आणि तरीही ते सुटलं ते रॉकेलमुळे की दिशेमुळे, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. आजोबांनाही नंतर कधी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मात्र कुठलाही बोल्ट अडला की मी आधी मनातल्या मनात विचारतो, काढतोयस की आवळतोयस? गाडीखाली उताणं पडून, मान मुरगळून, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी हात घातला की हा प्रश्न वाटतो तितका बावळट राहत नाही.

दुसरी खोड म्हणजे आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मी नेलपॉलिशची एक रेघ ओढतो, अर्धी डोक्यावर आणि अर्धी शेजारच्या पत्र्यावर. बोल्ट हलला की रेघ मोडते, लांबूनही दिसतं. मोठमोठ्या यंत्रांवर यासाठी वेगळा रंग असतो, मी घरातली उचलतो. यावरून घरात जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही. तिसरी खोड खरं तर माझी नाही, माझ्या दहाच्या गोटीची आहे, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्याची. आठाची, बाराची, तेराची, सगळ्या गोट्या पेटीत जागच्या जागी असतात. दहाची कधीच नसते. ती एकदा चपलांच्या कपाटात मिळाली, एकदा रेडिएटरच्या पाईपवर बसलेली होती, आणि एकदा तर इंजिनखालच्या पत्र्यात पडून महिनाभर प्रत्येक खड्ड्यात खुळखुळत होती.

ते असो. रात्री बोल्टला अजून एकदा तेल पाजलं आणि झोपलो.

सकाळी पुन्हा खाली शिरलो. या वेळी शहाण्यासारखा. आदल्या दिवशी बारा कोनी रिंग पाना वापरून मी डोक्याचे दोन कोपरे थोडे गोल केलेच होते, आता सहा कोनी गोटी ठोकून बसवली. तारेच्या ब्रशने डोक्याभोवतीचा गंज घासला. डोक्यावर हातोडीचे ठोके दिले, मोठे नाही, दार वाजवावं तसे. आणि मग काढायच्या ऐवजी आधी किंचित आवळला. आजोबांना हसू आलं असतं.

बोल्ट सुटणार की तुटणार हे हाताला कळतं. तुटणारा बहुतेक वेळा आधी मऊ पडतो. हाताला वाटतं, हं, हलला! आणि तो हललेला नसतो, पिळला गेलेला असतो. तो मऊपणा एकदा अनुभवला की पोटात खड्डा पडतो तो कायमचा लक्षात राहतो. सुटणारा मात्र आवाज करतो.

कट्.

एवढाच. सुक्या काटकीसारखा. मी श्वास रोखून तसाच पडून राहिलो. मग पाव वळसा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा मागे. आट्यांतून तांबूस भुगा माझ्या कपाळावर पडत होता. वीसेक मिनिटांनी बोल्ट हातात आला, कोमट, किंचित वाकडा, आणि पाठोपाठ तो पत्रा धाडकन छातीवर.

पत्रा धुतला. चिखलाचा पापुद्रा निघाला तेव्हा चौथ्या भोकाच्या कडेला काहीतरी चमकलं. जांभळं. मी अंगठ्याने घासलं. जांभळ्यात चंदेरी चुरा. मग बोल्ट रॉकेलच्या फडक्याने पुसला. त्याच्या वॉशरच्या कडेलाही तेच, नखभर.

ती बाटली मला चांगली आठवते. लेक सात वर्षांची होती तेव्हा तिला चकाकीवाल्या जांभळ्याचं वेड लागलं होतं, वर्षभर सगळं घर तेवढ्या एका रंगाने बरबटलं होतं. माझ्या बोल्टवरची रेघ तिने हट्टाने स्वतः ओढली होती, गाडीखाली माझ्या शेजारी झोपून, जीभ बाहेर काढून. दहाची गोटी पत्र्यातून काढून, तो परत लावून, मी ‘आता बघू कसा खुळखुळतो’ म्हणत पाईप लावून आवळला होता. ग्रीस? ग्रीस कशाला, लगेच तर होतंय!

मी बोल्ट पुन्हा भोकात ठेवला आणि फिरवून वॉशरवरचा तुकडा पत्र्यावरच्या तुकड्याला जुळवला. मग आठवलं, सुटण्याआधी तो तसाच होता. सहा वर्षांत तो माणूस आणि त्याचा बोल्ट तसूभरही हलला नव्हता.

नवी प्लेट चढवली. आट्यांना तांबूस अँटीसीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायचं मलम, नीट चोपडलं, आणि त्याने घर्षण कमी होतं म्हणून हात आखडता घेऊन आवळलं. पाईप पलंगाखाली सरकवून टाकला होता. मग आत हाक मारली, नेलपॉलिश मागितली.

लेक दारात आली. तेरा वर्षांची, कानात इअरफोन. “बाबा, सापडला का तुमचा तो मूर्ख? काल शेजारच्यांपर्यंत ऐकू येत होतं.”

“नाही,” मी म्हणालो. “निसटला.”

“माझ्याकडे काळीच आहे आता. चालेल?”

चालेल म्हटलं. काळ्या प्लेटवर, काळ्या बोल्टवर, मी चार काळ्या रेघा ओढल्या. ओल्या होत्या तोवर दिसत होत्या.