सप्लायरचा बदललेला आयबॅन

भोसरीतल्या एका कारखान्याने जर्मन सप्लायरला बुधवारी १८,४०० युरो पाठवले आणि शुक्रवारी दुपारी तिकडून फोन आला, पैसे आलेच नाहीत. मालकांनी मला बोलावलं ते मेल हॅक झालाय का हे बघायला. मी आधी विचारलं, "बँकेला कळवलंत का?" कळवलं नव्हतं.

अशा वेळी मेल नंतर, पैसे आधी. बँकेच्या फॉरेक्स विभागाकडून स्विफ्ट कॉपी (परदेशी बँकेला गेलेल्या संदेशाची प्रत) आणि यूईटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ३६ खुणांचा मागोवा क्रमांक घेतला आणि फसवणुकीचं कारण स्पष्ट लिहून रिकॉलची, म्हणजे पैसे परत मागवण्याची विनंती त्याच तासात पाठवायला लावली. नुसतं "चुकून पाठवले" लिहिलं तर समोरची बँक खातेदाराची संमती मागत बसते. आपल्याकडे संध्याकाळ झाली तरी युरोपात दुपार असते, ते तीन-चार तास वाया घालवायचे नव्हते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. पैसे देशाबाहेर गेल्यावर तिथून लगेच खातं गोठेल अशी आशा नव्हती, पण तक्रारीचा क्रमांक पुढे लागतोच.

मग मेल. मालक अकाउंट्सच्या ताईंवर चिडले होते. मला ते पटलं नाही. बँक खातं बदलल्याचा मेल जुन्याच संवादाखाली, खऱ्या इन्व्हॉइस क्रमांकासह आला होता. पाठवणाऱ्याच्या मेल पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून होते; स्क्रीनवर ते 'एम'च दिसतात. ताईंनी काय बघायला हवं होतं, तर आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरं, ती देश सांगतात. जर्मन खातं 'डीई'ने सुरू होतं, हे 'पीटी'ने, म्हणजे पोर्तुगालचं होतं. आणि नाव जुळतंय म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण परदेशी रक्कम बहुतेकदा खाते क्रमांकावरच जमा होते.

मेल मला फॉरवर्ड करू नका म्हटलं, कारण फॉरवर्डमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची लपलेली नोंद, गळून जातं. ईएमएल फाइल, म्हणजे हेडरसकट अख्खा मेल, म्हणून जतन करून घेतला. हेडरमधल्या 'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचायच्या. एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनवरून आला का हे तपासणाऱ्या चाचण्या, दोन्ही 'पास' होते, आणि इथेच पुष्कळजण फसतात. डोमेन चोराचंच, त्यामुळे त्याच्या चाचण्या पास होणारच. मेल त्या डोमेनवरून आला, एवढंच त्यातून कळतं. डोमेन कुणाचं ते नाही. हूइज या डोमेन नोंदणीच्या यादीत त्याची नोंदणी अगदी ताजी निघाली.

पण चोराला इन्व्हॉइस क्रमांक कुठून मिळाला? ताईंच्या मेलबॉक्सच्या नियमांत एक नियम सापडला, नाव फक्त टिंब. सप्लायरच्या खऱ्या डोमेनवरून आलेला प्रत्येक मेल वाचलेला दाखवून 'आरएसएस फीड्स' फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरात कुणी डोकावत नाही. सप्लायरच्या पैशांबद्दलच्या खऱ्या चौकश्या तिथे पडून होत्या. लॉगिन नोंदींत परदेशी आयपी होता. शेअर केलेल्या फाइलच्या नावाने आलेल्या बनावट पानावर ताईंनी पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही दिले होते, त्यातून सेशन, म्हणजे चालू असलेलं लॉगिन, चोरलं गेलं होतं. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. आधी सगळी सेशन्स बंद केली, मग पासवर्ड बदलला, नियम आणि फॉरवर्डिंग काढलं, परवानगी दिलेली अनोळखी अ‍ॅप्स तपासली. नियम काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, पुरावा तोच.

चोराच्या डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला, म्हणजे रजिस्ट्रारला, हेडरसह गैरवापराची तक्रार पाठवली. सप्लायरला फोन करून सांगितलं, तुमच्या बाकी ग्राहकांनाही सावध करा.

पोर्तुगालच्या बँकेने उरलेली रक्कम रोखली, पण बरीचशी पुढे गेली होती. शुक्रवारऐवजी गुरुवारी कळलं असतं तर कदाचित जास्त वाचली असती. आता त्या कारखान्यात सप्लायरचं खातं बदलायचं तर ताई जुन्या खरेदी करारावरच्या नंबरवर फोन करतात, मेलमधल्या नाही. त्यानंतर दुसऱ्या माणसाची सही लागते, आणि ती मालकांचीच असते.